लांबलेलं दूधव्रत

दसरा होऊन बारा दिवस झाले तरी राजमबाईंचं दूधव्रत सुटलं नव्हतं.

चातुर्मासाचे चार महिने या घरात चार तऱ्हांनी जेवत. पहिल्या महिन्यात भाजी नाही, चिंच नाही, मिरची नाही. दुसऱ्यात दही नाही, तिसऱ्यात दूध नाही, चौथ्यात डाळ नाही. नवं वर्ज्य लागलं की जुनं सुटायचं. दह्याचा महिना संपला की लोक ताकावर तुटून पडत, दुधाचा संपला की त्याच दिवशी पायस होई. विनुता तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत वाढलेली, तिच्या माहेरीही हेच. पण यंदा सासरी डाळ बंद झाली आणि दूध काही परत आलं नाही.

विनुतेला सातवा महिना होता.

"दोन्ही धरलीत मी यंदा," राजमबाई म्हणाल्या होत्या. "तुझ्याच बाळासाठी. कार्तिकातल्या द्वादशीला अस्कं एकदम सोडू."

अस्कं म्हणजे सगळं, जसं होर म्हणजे आणि. तंजावूरच्या मराठीतला हा शब्द विनुतेच्या आईच्या तोंडी इतका गोड लागायचा. सासूच्या तोंडून तो दार ओढून घेतल्यासारखा वाजला.

गोठ्यातली तांबडी गाय आषाढात व्यालेली. रोज उजाडता राजमबाई ओल्या सोवळ्यानं गोठ्यात शिरत, वासराला आधी लावत, मग ओढून खुंटाला बांधत. धारेचा आवाज विनुतेला माजघरात ऐकू येई. आधी रिकाम्या भांड्यावर ठणठण, मग भांडं भरत आलं की जाड, फेसाळ, दमदार. धारेबरोबर राजमबाई हलकेच ओवी म्हणत:

कावेरीबाई गं, यंदा उशीर केलास
लेकुरवाळ्या रानाचा, पान्हा आटवलास
माझ्या सुनेच्या डोहाळ्यास, काय देऊ

ओवी संपे, धार संपे, आणि मग काहीच नसे. चुलीवर दूध चढलेलं विनुतेनं बारा दिवसांत पाहिलं नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळे, वासराला सोडलं. वासराच्या बरगड्या मात्र दिसत होत्या.

नवरा, सेतुमाधव, घरी असता तर तिनं त्याला विचारलं असतं. पण तो वीस दिवस सरकारी भातखरेदी केंद्रावर मुक्कामाला होता. यंदाचं कुरुवै पीक, उन्हाळी पाण्यावर काढलेलं भात, सगळंच्या सगळं त्यानं तिथं नेऊन ओतलं होतं. नंबर यायच्या आत पाऊस आला. आता तो ताडपत्रीखाली राशीला चिकटून बसला होता. दुपारी एकदा जेवायला यायचा, सायकल भिंतीला टेकवायचा, खाली मान घालून जेवायचा आणि हात वाळायच्या आत परत जायचा.

रविवारी विनुतेच्या आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ती सहज म्हणाली, की दूध सुटल्यापासून तुझ्या बाबांना रोज रात्री पेलाभर लागतं, महिन्याची वसुली चाललीये. विनुतेनं हळूच विचारलं, एखाद्याला दोन व्रतं एकदम धरता येतात का. आई हसली. म्हणाली, धरणाऱ्यानं धरावीत, पण गर्भारणीला कसलं व्रत? तिला तर शास्त्रच सूट देतं. मग तिचा आवाज बदलला. "कां गं? तुज दूध देत नाहीत?"

"देतात की," विनुता म्हणाली. राजमबाई अंगणात शेण सारवत होत्या. त्यांचा हात थांबला नव्हता, पण कान इकडं होता हे तिला पाठीवरून कळलं.

*

मंगळवारी जननी आली. जननी ही या चार गावांची सरकारी नर्स, स्कूटीवर छत्री लावून फिरणारी, मोठ्यांदा बोलणारी. तिनं विनुतेच्या पापण्या ओढून पाहिल्या, बोट टोचलं, थेंब घेतला, आणि यंत्रावरचा आकडा तिच्यासमोर धरला. आठ. पुढल्या महिन्यात दहावर गेला नाही तर बाळंतपण इथं नाही, मोठ्या इस्पितळात, आणि आधी रक्त चढवावं लागेल. मूलही कमी भरेल. तिनं विचारलं, भिंत चाटाविशी वाटते का, माती खावीशी वाटते का. माजघराच्या कोपऱ्यातला चुना कमरेच्या उंचीवर ओलसर पुसट झाला होता.

मग जननीनं यादी सांगितली. दूध, डाळ, शेवग्याचा पाला, गोळ्या. अंगणवाडीतलं पीठ मिळतं ना, ते रोज दोनदा. आणि रेशनचा तांदूळ असेल तर त्यातले पांढरेफटक दाणे वेचून टाकू नका, लोक प्लास्टिक म्हणून फेकतात. त्यात रक्ताचं औषध मिसळलेलं असतं.

हे सगळं ती तमिळमध्ये बोलली, आणि राजमबाईंनीही तमिळमध्येच, उंबऱ्याच्या आतून उत्तर दिलं. आमचं साखरेचं कार्ड आहे. आम्ही रेशनवर साखरच घेतो. तांदूळ आमच्या पत्तायमात, घरच्या लाकडी कोठारात, असतो.

ते खरं होतं. कार्ड काढताना तांदळाचं की साखरेचं असं विचारतात. सासऱ्यांनी साखरेचं घेतलं होतं. भात पिकवणाऱ्यानं भातासाठी रांगेत उभं राहायचं म्हणजे काय, असं ते म्हणाले होते म्हणे. ते वारले, कार्ड राहिलं.

जननीनं जाताना अंगणवाडीच्या पिठाची दोन पाकिटं विनुतेच्या हातात ठेवली. तिची स्कूटी वळते न वळते तोच राजमबाईंनी ती घेतली आणि माळ्यावर सारली. त्यात हरभरा दळलेला असतो, डाळीचा महिना आहे. द्वादशीनंतर.

दुसऱ्या दिवशी राजमबाई नदीवर गेल्या तेव्हा विनुता स्टूल लावून माळ्यापर्यंत पोचली. स्टूल डुगडुगत होतं, पोट भिंतीला घासत होतं. पाकीट कोपऱ्यातून जरासं फाडलं आणि खाली उतरून, गोठ्याच्या आडोशाला उभी राहून, कोरडं पीठ तिनं मुठीनं खाल्लं. घशात गोळा बसला, डोळ्यांत पाणी आलं. गाय तिच्याकडं बघत रवंथ करत होती. विनुतेला वाटलं, आपण या घरात चोर झालो.

राजमबाई परत आल्या, ओली घागर उतरवली, आणि सुनेच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"ओठ पूस," एवढंच म्हणाल्या.

ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ज्या बाईला व्रताची एवढी चाड, ती व्रत मोडलेलं पाहून गप्प कशी राहते? विनुतेच्या मनात संशयाचं बी पडलं होतं, त्याला त्या दिवशी मोड आला.

मग आजवर नुसती नजरेखालून गेलेली एकेक गोष्ट तिला दिसू लागली. राजमबाई पहाटे धार काढून झाल्यावर पदराखाली काही घेऊन परसातल्या दारानं जातात. रस्त्यानं नाही, बांधावरून. परत येतात तेव्हा पदराखाली काहीतरी असतंच. तांदळाच्या कोठीत आताशा कुणालाच जाऊ देत नाहीत. चातुर्मासाचं सोवळं आहे म्हणतात. पण गेल्या वर्षीही चातुर्मास होता आणि विनुता आंघोळ करून खुशाल आत जात होती. आणि तांदूळ निवडायला त्या हल्ली तास तास घेतात. सूप मांडीवर, चष्मा नाकावर, पाठ दाराकडं. गोठ्यामागच्या राखेच्या ढिगावर चिमण्या का जमतात म्हणून ती पाहायला गेली, तर राखेत मूठभर तांदूळ पडलेला, खडूसारखा पांढरा. चिमण्या तो टिपत नव्हत्याच. बाजूचे किडे टिपत होत्या.

घरात तर साखरेचं कार्ड, तांदळाचं कोडं तिला सुटलं नाही. दुधाचं मात्र सुटल्यासारखं वाटलं. सेतुमाधवाची बहीण श्रीविद्या तिरुवैयारुला दिलेली, बसनं अर्धा तास, तिला चार महिन्यांचं मूल. बांधावरून गेलं की बसथांबा जवळ पडतो. पहिल्या बसचा कंडक्टर ओळखीचा. लेकीच्या लेकराला दूध आणि सुनेच्या पोटातल्याला व्रत. विनुतेला हे इतकं स्पष्ट दिसलं की तिला हसूच आलं, आणि हसता हसता कमरेत कळ आली.

*

गुरुवारी सेतुमाधव जेवायला आला नाही. पाऊस सकाळपासून लागला होता. राजमबाईंनी भात, मिरीचं सार आणि वाळवलेल्या सुंडक्यांची, म्हणजे बारीक रानवांग्यांची, तळणी डब्यात भरली आणि स्वतः निघाल्या, तर विनुतेनं डबा हातातून घेतला. चालल्यानं बरं असतं, जननीनं सांगितलंय, असं म्हणाली. तिला नवऱ्याशी बोलायचं होतं.

वाट चिखलाची. दोन्हीकडं नव्या सांबा पिकाची लावणी पाण्यात शेंड्यापर्यंत बुडालेली, हिरवी टोकं तेवढी वर. बांधावर खेकड्यांनी भोकं पाडलेली, त्यातून पाणी खदखदत होतं. तिचे पाय सुजले होते, चप्पल पट्ट्यातून कापत होती. मग तिनं चप्पल हातात घेतली.

केंद्रापुढच्या पटांगणात राशीच राशी. निळ्या, पिवळ्या, काळ्या ताडपत्र्या, त्यावर विटा, त्यावर फाटकी टायरं. प्रत्येक राशीच्या पायथ्याशी एकेक माणूस उकिडवा. कोणी कोणाकडं बघत नव्हतं आणि सगळे सगळ्यांकडं बघत होते. सेतुमाधवानं तिला पाहून आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग आपल्या बसायच्या पोत्यावर तिला जागा करून दिली.

जेवता जेवता तो बोलत राहिला. पलीकडची रास व्यंकोजीची. तो आपल्याच लोकांतला, पण रात्रीत त्यानं फावड्यानं स्वतःचं ओलं भात सेतुमाधवाच्या राशीत सारलं, असं ह्याचं म्हणणं. पुरावा नाही, पण परवा इथं ताडपत्रीची गाठ डावी होती, सकाळी उजवी. केंद्राचा माणूस कोणाच्या राशीत ओल मोजायचं यंत्र कुठं खुपसतो तेही सेतुमाधव पाहतो. मधोमध खुपसलं तर आकडा कमी, कडेला खुपसलं तर जास्त.

मग त्यानं ताडपत्री उचलून तिचा हात धरला आणि राशीत कोपरापर्यंत घातला. आत ऊब होती. आजारी माणसाच्या कुशीसारखी. हात काढला तर बोटांना मोड आलेले दाणे चिकटले, सुईसारखे पांढरे.

"इथलं गेलं तर गेलं," तो म्हणाला. "घरात पत्तायमात दोन पोती तरी आहेत, म्हणून धीर आहे. नाहीतर मी अस्कं इथं आणून ओतलं नसतं."

दुधाचं तिच्या ओठांवर आलं होतं. त्याच्या पायांची बोटं पाण्यानं पांढरी, सुरकुतलेली होती. नखांच्या कडा सुटल्या होत्या. आता ह्याला काय सांगू, की तुमची आई तुमच्या बहिणीला दूध पोचवते? आणि नसेल पोचवत तर? आधी डोळ्यांनी पाहू, मग बोलू, असं तिनं ठरवलं. डबा धुऊन ती परत निघाली.

*

शुक्रवारी पाऊस थांबला होता. उजाडलं नव्हतं तेव्हापासून ती अंथरुणात जागी पडली होती. धार संपली, परसाचं दार करकरलं. ती शंभरपर्यंत मोजून उठली.

बांधावर राजमबाईंची पाठ दिसत होती, वाकलेली, एक हात पदराखाली. बसथांब्याचं वळण आलं. राजमबाई वळल्या नाहीत.

त्या सरळ पुढं, पुलाच्या खाली उतरून, शेषम्माच्या वस्तीकडं गेल्या.

शेषम्मा ही लावणीला येणारी बाई. विनुतेच्या लग्नाआधीपासून या घरच्या चिखलात राबलेली, पन्नाशीची, पान खाणारी. सरकारी घर, पुढं पत्र्याचा ओटा. विनुता केळींच्या आड उभी राहिली. पाय चिखलात, पोट जड.

राजमबाई ओट्याखाली, अंगणात उभ्या होत्या. पदराखालून त्यांनी तांब्या काढला आणि शेषम्माच्या पातेल्यात दूध ओतलं, धार लांबून, भांड्याला भांडं लागू न देता. मग त्यांनी रिकामी पिशवी पुढं पसरली. आणि शेषम्मानं ओट्यावरून, तशीच लांबून, मापानं तांदूळ ओतला. विनुतेनं लग्न होऊन आल्यापासून हे देणं पाहिलं होतं; पण तेव्हा वर राजमबाई असायच्या आणि खाली शेषम्मा.

"माप भर गं नीट," राजमबाई म्हणाल्या.

"अम्मा, तुम्ही भरत होतात तसंच भरतेय," शेषम्मा म्हणाली आणि हसली. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. मग ती म्हणाली, ह्या महिन्यात तुमच्यासाठी मुद्दाम उकडा सोडून कच्चा तांदूळ मागून घेतला, दुकानदार विचारत होता, घरी कोणी सोवळ्यातलं आलंय की काय. आतून एक तीन वर्षांची पोरगी, तिची नात, फडक्यासारखी हलकी, डोळे चोळत आली आणि पातेल्यात बोट बुडवून चाटू लागली.

"सूनबाईंना कळलं तर?" शेषम्मानं विचारलं.

"तिज काय कळतंय. तिज वाटतं मी देवासाठी उपाशी ठेवतेय."

विनुता वळली. येताना जपून आलेली, जाताना ती बांधावरून जवळजवळ धावली, दोन्ही हात पोटाखाली धरून. घरी पोचली, आंघोळ नाही, सोवळं नाही, तशीच चिखलाच्या पायांनी कोठीत शिरली. पत्तायमाची लाकडी झडप वर ओढली. आतून धान्य धावून यायला हवं होतं, वाळूसारखं, आवाज करत. काही आलं नाही. तिनं हात घातला. तळाला कुजट, काळं, गुठळ्या झालेलं काही हाताला लागलं. बुरशीचा वास नाकात शिरला आणि ती बाहेर येऊन गोठ्याच्या कडेला ओकली.

राजमबाई परसातल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी कोठीत उमटलेली चिखलाची पावलं पाहिली. सुनेकडं पाहिलं. पिशवी पदराखाली होती, ती त्यांनी लपवली नाही आणि दाखवलीही नाही. आत गेल्या, पावलं पुसली, सूप घेतलं आणि पांढरे दाणे वेचायला बसल्या. विनुता समोरच बसून बघत राहिली.

*

त्याच दुपारी सेतुमाधव जेवायला आला. सायकल भिंतीला टेकवली नाही, आडवी टाकली. केंद्राच्या माणसानं राशीत तीनदा यंत्र खुपसलं, आकडा खाली आला नाही. वाळवून आणा म्हणाला. कुठं वाळवू, तुझ्या डोक्यावर, असं सेतुमाधव त्याला म्हणाला होता, आणि मागाहून हात जोडून माफी मागितली होती. हे त्यानं स्वतःच सांगितलं, पाय धुताना, कोणाकडंही न बघता.

केळीचं पान मांडलं. राजमबाईंनी भात वाढला. त्यानं पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मग तो थांबला. भातातून एक दाणा उचलला, बोटांत चिरडला, उजेडात धरला. खडूसारखा पांढरा दाणा. राजमबाईंच्या नजरेतून एक सुटला होता.

"हा आपला तांदूळ नाही," तो म्हणाला.

केंद्रावर इतके दिवस बसून त्याची नजर तशीच झाली होती. दुसऱ्याच्या राशीतलं आपल्या राशीत आलं काय, एवढंच तो बघत होता. त्यानं भात पसरला, आणखी एक दाणा शोधला, आणि मान वर करून विनुतेकडं पाहिलं.

"हा रेशनचा आहे. आपलं कार्ड साखरेचं. मग हा कोठून आला?" तो थांबला. "तुझ्या बाबांनी पाठवला? काल डबा घेऊन आलीस, तेव्हा हेच सांगायला आलेलीस? तंजावूरच्या गल्लीत काय बोलतात आता, सेतुमाधव बायकोला पोसू शकत नाही?"

विनुतेनं राजमबाईंकडं पाहिलं.

राजमबाईंच्या हातात साराची पळी होती. त्या पळीकडं बघत राहिल्या. क्षणभर विनुतेला वाटलं, ही बाई गप्प राहील. राहिली तर निभेल. माहेरचं नाव घेतलं की भांडण सुनेचं होतं. पत्तायमाचं झाकण बंदच राहतं. त्या क्षणात विनुतेनं मनातल्या मनात आपली पेटी भरलीसुद्धा. चार साड्या, गोळ्यांची पुडी, जननीचं कार्ड.

"मी आणला," राजमबाई म्हणाल्या. "शेषम्माकडनं. दूध देऊन."

सेतुमाधवाला समजलं नाही. त्यांनी मग तेच पुन्हा सांगितलं, तुटक तुटक, पळी हातात धरूनच. आषाढात पत्तायमाच्या मागच्या भिंतीत ओल आली. त्यांना कळलं तेव्हा अर्धं भात काळं पडलं होतं. घराचं धान्य राखायचं काम त्यांचं, चाळीस वर्षं त्यांचं. सांगायचं तोंड झालं नाही. कुजलेलं पहाटे पहाटे नदीत सोडलं, चांगलं होतं ते नवरात्रापर्यंत पुरवलं. वाटलं, कुरुवै येईल तेव्हा त्यातली चार पोती बाजूला काढून ठेवू म्हणू. पण तो सगळंच केंद्रावर घेऊन गेला, घरी आहे म्हणून. त्या त्याला थांबवायला दारापर्यंत गेल्या होत्या. ट्रॅक्टर निघाला होता.

"मग माझ्याकडं दुसरं काय होतं? दूध होतं," त्या म्हणाल्या. "होर तू घरी नव्हतास."

सेतुमाधवाचा हात पानावर वाळत चालला. कानशिलं लाल झाली. शेषम्माचं नाव त्यानं दोनदा पुटपुटलं. तिच्या दारात आपली आई पिशवी पसरून उभी, हे त्याला दिसत असावं. त्यानं पानाभोवती पाणी फिरवायला पेला उचलला, म्हणजे आता उठणार.

"उठू नका," विनुता म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. पण या घरात असा तो कधी निघाला नव्हता.

"ह्या तांदळापायी माझं दूध गेलंय. माझ्या पोटातल्याचं गेलंय. ते पानावर टाकून उठलात तर ह्या घरात मी पुन्हा चूल पेटवणार नाही. जेवा."

तो बसून राहिला. बाहेर वासरू ओरडलं. मग त्यानं पेला खाली ठेवला आणि जेवू लागला, भरभर, मान खाली घालून, औषध घेतल्यासारखा. शेवटचं शीत बोटानं निपटलं.

विनुता सासूकडं वळली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. आलं ते दुसरंच. ही बाई खरं बोलली, पण आज बोलली. उद्या काय लपवील?

"अत्या, उद्या धार काढाल तेव्हा मी समोर बसेन."

"बस," राजमबाई म्हणाल्या.

"होर ते पांढरे दाणे वेचायचे नाहीत. जननी काय बोलली ते तुम्हीही ऐकलंय."

राजमबाईंनी मान हलवली. मग पहिल्यांदाच त्या खाली बसल्या, भिंतीला टेकून, आणि त्या भिंतीला टेकल्यावर विनुतेला त्यांच्या गळ्याची हाडं दिसली. त्या काय जेवत होत्या, हे इतक्या दिवसांत तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं ते मनातच ठेवलं.

*

सेतुमाधवानं संध्याकाळी केंद्रावरून दोन पोती भात सायकलवर लादून घरी आणलं. मोड आलेलं, आंबूस वासाचं. पटांगणातले बाकीचे लोक बघत होते, नंबर सोडतोय का म्हणून, व्यंकोजी तर उठून उभा राहिला. घरी तिघांनी मिळून ते ओसरीत पसरलं, पाय ओढत ओढत उलथलं. दुसऱ्या दिवशी कढईत वाळू तापवून राजमबाईंनी ओलंच भाजलं, विनुतेनं मुसळ धरायला हात पुढं केला तर सेतुमाधवानं ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः कांडलं. पोहे झाले, काळपट, थोडे कडू. गुळाशी खपले. तांदळाला ते पुरणार नव्हते. तांदूळ शेषम्माकडूनच यायचा होता, निदान सांबा पिकेपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत. कार्ड बदलायचा अर्ज सेतुमाधवानं तालुक्याच्या कचेरीत दिला. तिथल्या बाईनं विचारलं, जमीन असून तांदूळ कशाला, आणि त्यानं अर्ज तेवढा पुढं सरकवला. अर्ज घेतला. कधी होईल ते कोणी सांगितलं नाही.

दूधही पूर्ण थांबवता येणार नव्हतं. शेषम्माच्या नातीला त्याची सवय झाली होती. विनुतेनं तिचं बोट पातेल्यात बुडालेलं पाहिलं होतं, ते तिला विसरता येत नव्हतं, आणि त्या पोरीचा रागही येत होता.

म्हणून शनिवारपासून असं ठरलं. राजमबाई धार काढतात, विनुता पाटावर समोर बसते. दूध दोन भांड्यांत होतं. एक चुलीवर जातं, उकळतं, आणि विनुता ते राजमबाईंच्या देखत पिते. पहिल्या दिवशी ती प्यायली तेव्हा राजमबाईंनी तोंड फिरवलं. महिना दुधाचा नव्हता, डाळीचा होता, तरी फिरवलं. अंगणवाडीचं पीठ माळ्यावरून खाली आलं, मीठ-मिरीच्या डब्याशेजारी राहिलं. दुसरं भांडं शेषम्माकडं जातं. ते नेताना राजमबाई आता परसातून जात नाहीत. पुढल्या दारानं, रस्त्यानं जातात. सकाळी दात घासत उभे असलेले लोक बघतात. कोणी विचारलं तर त्या सांगतात, दूध देऊन येते. तांदळाचं सांगत नाहीत.

जननी कार्तिकात पुन्हा आली. बोट टोचलं. नऊच्या जरा वर. तिनं आकडा बराच वेळ पाहिला, चेहरा वाकडा केला नाही, सरळही केला नाही. चालू ठेवा, म्हणाली.

द्वादशीला व्रत सुटलं, तुळशीपुढं दिवा लागला. त्यानंतरही राजमबाईंनी एक नेम सोडला नाही. शेषम्माकडं निघण्याआधी त्या दुधाचा तांब्या घेऊन विनुतेपाशी येतात, आणि तो तिच्याकडं कलता करतात, कडेवरची दुधाची रेघ तिला दिसावी इतका. कुठवर भरलाय, कुठवर रिकामा आहे. एका सकाळी विनुतेनं म्हणून पाहिलं, की अत्या, आता दाखवायला नक्को.

राजमबाईंनी तरी तांब्या कलता केला.

आणि विनुतेनं, एक हात पोटावर ठेवून, वाकून पाहिलं.